भुजंगप्रयातातला पंखा

२९ मार्च १९९८, रविवार. बोथ

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा दोन कोरे हजेरीपट माझ्या पिशवीत राहून गेले होते. राहून गेले म्हणजे मीच ठेवले होते. त्यातला एक आज काढला. विद्यार्थ्याच्या नावाच्या रकान्यात माझंच नाव घातलं: भगवानराव, वय सदुसष्ट, इयत्ता कोणतीच नाही.

वही उघडायचं कारण, काल पाडव्याला आमची चारुशीला आली. नांदेडहून टेंपो करून आली. टेंपोत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन ट्रंका, प्रमाणपत्रांची फाईल आणि तीन रजया. बोथला दुपारी कुत्रं सावली सोडत नाही आणि ही पोरगी रजया घेऊन आली! मी हसून म्हटलं, "चारू, माहेरी चार दिवस राहायचं तर रजया काऊन आणल्या बाई?"

"राहू द्या बाबा. लागतील."

मी वर्गात पेंगणाऱ्या पोराकडे जसं पाहायचो तसं तिच्या आईनं, रेणुकानं, माझ्याकडे पाहिलं.

पोरीच्या हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या आहेत फक्त. सोन्याच्या पाटल्या उकाड्यानं काढून ठेवल्या असतील. जावई शरदचंद्र आले नाहीत. कामात असतील.

३ एप्रिल, शुक्रवार

कॉम्प्युटर आतल्या खोलीत बसला. ज्या टेबलावर मी तीस वर्षं निबंध तपासले त्या टेबलावर. रेणुकानं रेडिओला, टीव्हीला, शिलाई मशीनला जसं क्रोशाचं झाकण केलं तसं यालाही केलं. चारी बाजूंनी झालर, मागं दोन मोर. धूळ बसू नये म्हणून. मागच्या जिनिंग फॅक्टरीतून कापसाचे तंतू उडत असतात, ते दिवसभर घरात येतात. आमच्याकडे ताकातसुद्धा कापूस असतो.

चारूला मोठं काम मिळालं आहे. आदिलाबादच्या एका शिक्षणसंस्थेला दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी सरावपुस्तिका हवी आहे. शहाण्णव पानं. ८ जूनपर्यंत छापखान्यात देता येतील अशी पानं दिली, तर संस्थेच्या नव्या कॉम्प्युटर वर्गावर शिकवायची नोकरीही तिलाच. नाही दिली तर काम आणि नोकरी दोन्ही नागपूरच्या कोणाला जाणार.

"बाबा, हे काम झालंच पाह्यजे. नाही झालं तर मला परत जावं लागेल."

"परत तर जायचंच हाय ना बेटा. घर तिकडं हाय तुझं."

ती टाइप करायला लागली. तिच्या बोटांचा आवाज ऐकून मला सन बावन्नचा माझा पहिला वर्ग आठवला. पत्र्यावर पाऊस पडावा तशी पोरं पाढे म्हणायची. त्या आठवणीत मी इतका रमलो की चहा निवला.

१४ एप्रिल, मंगळवार

दुपारी बारा-दहाला कॉम्प्युटर थिजला. पडद्यावरचा बाण हलेना, अक्षरं हलेनात. बंद करून चालू केला, अर्ध्या तासानं पुन्हा तेच. चार पानं गेली. चारू दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती.

तिला हसू यावं म्हणून मी तिथल्या तिथं दोन ओळी रचल्या:

अरे यंत्रराया, कशाला रुसावे,
तुला घालु वारा, पुन्हा तू हसावे.

ती हसली नाही. आतून रेणुका म्हणाली, "पोरीचा जीव जाऊन राह्यला अन् तुमी गाणे म्हणून राह्यले." गाणं नव्हतं, भुजंगप्रयात होतं. पण हे सांगायची वेळ नव्हती, एवढं मलाही कळलं.

१५ एप्रिल, बुधवार

महिपतला बोलावलं. बसस्टँडजवळ त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी. मराठीत दोनदा नापास झाला होता आणि ते तो गिऱ्हाइकांना सांगतो.

आल्या आल्या त्यानं मोरांचं झाकण दोन बोटांनी उचललं. "गुरुजी, याच्या नाकातोंडावर टोपडं बांधलं कोनं?"

रेणुका स्वयंपाकघरात निघून गेली.

मग त्यानं डब्याची बाजू उघडली. मला वाटलं होतं, आत एखादं मोठं यंत्र असेल. आत बरीचशी रिकामी जागा. महिपतनं समजावलं ते असं: मधे एक चौकोनी चिप, तोच मेंदू, त्याच्या डोक्यावर रुपयाएवढा पंखा. मागं विजेच्या डबीत एक पंखा. आणखी दोन पंख्यांच्या जागा कंपनीनं ठेवल्यात पण भरल्या नाहीत. एक समोर खाली, एक मागं वर.

"हैद्राबादच्या ए.सी.त चालते हे असंच. आपल्याकडं शेहेचाळीस डिग्रीत नाही चालत. दोन पंखे आना. आठ सेंटीमीटरचे, बारा व्होल्टचे."

"अन् चांगला कोणता ते कसं ओळखायचं?"

"दुकानात चालवून पाहा. आवाज ऐका, मग घ्या."

कसला आवाज ऐकायचा, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. कान हा माझा प्रांत आहे, असं मला वाटलं. तोवर डबा उघडा ठेवून माझा टेबलफॅन त्याच्यापुढं लावला आहे. मी रात्रभर वर्तमानपत्रानं वारा घेतला.

२२ एप्रिल, बुधवार

पहाटेच्या बसनं नागपूरला जाऊन आलो. पाठ राहिली नाही. तरी लिहितो, कारण आज मी एक अस्सल खरेदी केली.

दुकानदार पंचविशीचा, च्युइंगम खाणारा. "अंकल, बुशवाला चाहिए कि बॉल बेअरिंगवाला?" मी म्हटलं, आधी सगळे चालवून दाखवा. त्यानं कपाळाला हात लावला, पण दुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. एकेक पंखा तारेला जोडून तो टेबलावर ठेवत गेला आणि मी डोळे मिटून ऐकत गेलो.

अकरा पंखे ऐकले. बहुतेक सगळे एकसुरी. सूं, की नुसतं सूं. हजेरी घेताना मागच्या बाकावरचा पोरगा "हजर" म्हणतो तसे निर्जीव. आठवा लागला आणि मी डोळे उघडले. ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा! शुद्ध भुजंगप्रयात. एक मात्रा इकडं तिकडं नाही. अंगावर काटा आला. चाळीस वर्षं पोरांना टेबलावर पट्टी आपटून जे शिकवलं ते एक प्लॅस्टिकचा पंखा न शिकवता म्हणत होता.

"ये दे दो."

"अंकल, ये मत लो. ये थोडा बोलता है."

"बोलने दो," मी म्हटलं.

त्याच्याच जोडीचा आणखी एक निवडला, त्याचाही स्वभाव साधारण तोच. दुकानदारानं एकसुरी पंखेच घ्या म्हणून दोनदा सांगितलं. काव्याची जाण दुकानात बसून येत नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

महिपत लग्नाला उटनूरला गेलेला. थांबायला वेळ नाही, म्हणून पंखे मी आणि चारूनंच बसवले. आठ स्क्रू, त्यातले दोन अजून सापडायचे आहेत.

पंखे कोणीकडं तोंड करून लावायचे यावर थोडी चर्चा झाली. चारू म्हणाली, "बाबा, मागचा बाहेर फेकणारा पाह्यजे नं?"

"पाहुणा घामाघूम होऊन आला तर पंखा त्याच्याकडं करतात का भिंतीकडं? उन्हाळ्यात वारा बाहेर फेकणारा माणूस पाह्यला का तू?"

ती दोन रात्री नीट झोपलेली नव्हती. "बरं," म्हणाली. दोन्ही पंखे आत वारा घालणारे लावले. पुढून एक, मागून एक, जेवायला बसलेल्या माणसाला दोन्हीकडून आग्रह करावा तसे. डबा बंद केला. खोलीत दोन आवाजांत भुजंगप्रयात सुरू झाला. मी खुर्ची ओढून तासभर ऐकत बसलो.

संध्याकाळपर्यंत एकदाही थिजला नाही. मी रेणुकाला म्हटलं, "पाह्यलं?" ती म्हणाली, "आज आभाळ होतं."

२९ एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. आंब्याचा रस, कुरडया. नांदेडहून पत्र नाही. महिना झाला. कामात असतील तरी एखादं कार्ड टाकायला काय होतं?

मीच एक कार्ड लिहिलं. जावईबापूंना लिहिलं की रस खायला या, आणि चारूला सोबत घेऊन जा. पोर कामानं वाळली आहे, घरची आठवण येत असेल. शेवटी चार ओळी घातल्या, सासर-माहेर या विषयावर. बऱ्या जमल्या. घरात कोणाला सांगितलं नाही. अचानक जावई दारात उभे राहिले की पोर कशी खुलेल, ते मनात पाहून घेतलं.

४ मे, सोमवार

मागच्या पंख्याचा यतिभंग व्हायला लागला आहे. ल-गा-गा, ल-गा... मग घर्र. मग पुन्हा ल-गा-गा. मी त्याला रसिकतेनं समजून घ्यायचा प्रयत्न केला. नव्या कवींत असं चालतं म्हणे.

चारूची एकोणचाळीस पानं झाली. चेहरा कागदासारखा झाला आहे. दुपारी दोनदा थिजला.

७ मे, गुरुवार

आज सगळं संपलं असं वाटलं.

अकरा वाजता मागचा पंखा एकदा ओरडला आणि थांबला. पाच मिनिटांनी कॉम्प्युटर बंद. पुन्हा चालूच होईना. चारू उठली, मागच्या पडवीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्या मागं गेलो. काय बोलावं ते सुचेना म्हणून एक कविता सुचली, ती मात्र गिळली.

महिपत आला. त्यानं डबा उघडला आणि शिट्टी वाजवली. आत कापूस! समोरच्या जाळीवर, चिपच्या डोक्यावर, छोट्या पंख्याच्या पात्यांत, सगळीकडं पांढरा मऊ थर. मेंदूवर तर चांगली बोटभर जाड गादी बसलेली. जिनिंगचे सगळे तंतू माझ्या दोन पंख्यांनी इमानदारीनं आत ओढून घेतले होते. मे महिन्यात मी त्या यंत्राला दुलई पांघरली होती.

"अन् हा पंखा कोनं पसंद केला?" महिपतनं मागचा पंखा काढून तारेला धरून फिरवला. दोन गिरक्या घेऊन तो थांबला.

"मी. आवाज ऐकून."

"कसा होता आवाज?"

मी सांगितलं. भुजंगप्रयातही म्हणून दाखवला. महिपत पार खाली बसला हसून हसून. "गुरुजी! पंख्याले ताल असते म्हंजे त्याची बुश, आतली कडी, झिजलेली असते. चांगला पंखा गात नाही. तुमी अकरातून नेमका बिघडलेला निवडून आनला!"

चारूही हसली. रडता रडता हसली, पण हसली.

तेवढ्यात भांड्यांना येणारी बयनाबाई दारातून डोकावली. ती सकाळी जिनिंगमध्ये कापूस झाडते, दुपारी आमच्याकडं येते. कमरेवर हात ठेवून तिनं डब्यात पाहिलं.

"हे पंखे दोन्ही आतच फुकून राह्यले काय?"

"हो."

"मंग गरम हवा जाईन कोठून, तुमच्या डोस्क्यातून? आमच्या जिनात पाहा, एक पंखा आत घेते, एक भायेर फेकते. भायेरचा बंद पडला का आमी बाया चक्कर येऊन पडतो. अन् आत घेनाऱ्याले कापड बांधा लागते, नाही तं सारा कापूस त्याच्यातच. येवढं शिकलेले लोक तुमी, बाप्पा!"

चारूनं माझ्याकडं पाहिलं नाही. मीही हजेरीपटावरच्या रकान्यांकडं पाहत हे लिहितो आहे. ती २३ तारखेला हेच म्हणाली होती, फक्त बयनाबाईएवढ्या मोठ्यानं नाही.

१२ मे, मंगळवार

महिपतनं चार दिवस घेतले. कॉम्प्युटर जळाला नव्हता, उकाड्यानं बेशुद्ध पडला होता. सगळा कापूस त्यानं दाढीच्या ब्रशनं झाडला (ब्रश माझा). नागपूरहून येणाऱ्या ओळखीच्या ट्रकवाल्याकडून दोन नवे पंखे मागवले, बॉल बेअरिंगचे. यावेळी पसंती मी केली नाही, पण परीक्षा मला घेऊ दिली. बोटानं पातं टिचकवायचं आणि पंखा किती वेळ फिरतो ते मनात मोजायचं. पहिला वीस मोजेपर्यंत फिरत राहिला. दुसरा त्याहून जास्त. मग विजेवर लावून कान लावला. सूं. फक्त सूं. त्या आवाजात कवितेला टेकायलाही जागा नाही.

पुढचा आत घेणारा, मागचा बाहेर फेकणारा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या आणि कागदी चिठ्ठी असते तिकडून वारा निघतो, हे सदुसष्टाव्या वर्षी कळलं. पुढच्या जाळीला माझ्या जुन्या धोतराचा तुकडा ताणून बांधला, चाळणी म्हणून. दर तीन दिवसांनी झटकायचा.

खात्री करायला रेणुकानं देवघरातून पेटवलेली उदबत्ती आणली. पुढच्या जाळीसमोर धरली, धूर सरळ आत शिरला. मागच्या पंख्याशी धरली, धूर भिंतीकडं पळाला. बयनाबाईनं हात जोडून कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि म्हणाली, "आता आरतीबी म्हना, गुरुजी. तुमची हौस फिटन."

दुपारी दोन वाजता पडवीत पंचेचाळीस डिग्री. कॉम्प्युटर चालू. मागं हात धरला तर गरम झळ लागत होती. इतका वेळ ती आत होती तर!

२० मे, बुधवार

रोज चार-पाच पानं होत आहेत. मुद्रितं मी तपासतो. लाल पेन्सिल हातात आली की मी पुन्हा माणसात येतो. आज एकोणसत्तर पानांपर्यंत सव्वीस चुका काढल्या. त्यातल्या सात चारूनं मला बरोबर असल्याचं दाखवून दिलं.

पानांच्या गठ्ठ्यात नोकरीच्या अर्जाचा कागदही होता. तिनं नाव लिहिलं होतं, चारुशीला भगवानराव. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी सवय जात नाही पोरीची! मी लाल पेन्सिलनं भगवानराव खोडून शरदचंद्र केलं आणि समासात लिहिलं, लक्ष द्यावे.

तिनं कागद पाहिला. "बाबा, ते बरोबर होतं," म्हणाली, आणि रबरानं माझी पेन्सिल खोडत बसली. कितीतरी वेळ खोडत होती.

२१ मे, गुरुवार

नांदेडचं कार्ड आलं. शरदचंद्रांचं. तीन ओळी. ५ जूनला दुपारी येतो. सामान बांधून तयार ठेवायला सांगा. ते कॉम्प्युटरचं खूळ तिथंच राहू द्या.

मी आनंदानं कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेलो. रेणुकानं ते वाचलं. हातातलं उलथनं खाली ठेवलं.

"तुमी लिवलं होतं त्याइले?"

"हो. गंमत म्हणून."

ती पाटावर बसली. मग जे बोलली ते मला रकान्यांत बसवता येत नाही. पोरगी माहेरपणाला आलेली नाही. सोडून आली आहे. वर्षापूर्वी तिनं चोरून कॉम्प्युटरचा क्लास केला, पाटल्या मोडून हे यंत्र घेतलं, म्हणून तिला दोन महिने घराबाहेर पडू दिलं नाही. रेणुकाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ती आली नाही ती त्यामुळं.

"मला कोणी सांगितलं काऊन नाही?"

"तिनं तीनदा पत्रात लिवलं. तुमी काय उत्तर धाडलं ते आठवा."

आठवलं. एका पत्रात तिनं लिहिलं होतं की क्लासला जाणं यांना आवडत नाही. मी उत्तरादाखल गृहिणी या विषयावर सोळा ओळी पाठवल्या होत्या. चाल लावून म्हणण्यासारख्या. मुलीच्या पत्रात काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं. तिचं अक्षर किती सुंदर आहे हे वाचलं होतं.

२२ मे, शुक्रवार

चारूला सांगितलं. कार्ड मी टाकलं होतं, हेही. ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. ती पडद्याकडं पाहत म्हणाली, "येऊ द्या. पाच तारखेला छपाई चालू असेल. एकदा सुरू झाली का मला मधी थांबवता येत नाही, एवढंच बघा."

"बघतो," मी म्हटलं. पण काय बघायचं आणि कसं, ते मला माहीत नाही. आजवर जावयासमोर मी पाटावर बसलोसुद्धा नाही.

५ जून, शुक्रवार

काल दिवसभर वीज नव्हती, म्हणून सगळी छपाई आजच्या दिवसावर आली. सकाळी वीज आली ती अशी, की व्होल्टेज पार खाली. बल्ब पणतीसारखा. साडेनवाला मी बैठकीतला कूलर लावून पाहिला, तर कॉम्प्युटरनं मान टाकली. कूलर बंद केला, कॉम्प्युटर उठला. आज घरात दोघांपैकी एकच चालणार. मी कूलरचं बटण बंद केलं आणि चारूनं पहिल्या पानापासून छपाई सुरू केली.

दीड वाजता जावई आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. मी दारातच "या, या" म्हणून हात धुवायला पाणी दिलं. सवय. रेणुकानं सरबत आणलं. ते कूलरसमोरच्या खुर्चीत बसले, जिथं या घरात दर जावई, दर व्याही, दर तपासणीला आलेला साहेब बसलेला आहे. आतल्या खोलीत प्रिंटर कुरकुरत होता.

"सामान बांधलं का तिनं?"

"तिचं काम चालू आहे."

"काम," ते म्हणाले. रुमालानं मान पुसली, कूलरकडं पाहिलं. "मामा, कूलर बंद का ठेवलाय?"

"कूलर लावला का तिचा कॉम्प्युटर बंद पडतो. व्होल्टेज नाही."

"मग पडू द्या की घडीभर. मी चार तास बसमध्ये भाजून आलोय."

"नाही."

मी म्हटलं ते. चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणाला एका शब्दात नाही म्हटलेलं आठवत नाही. मुख्याध्यापकांना, व्याह्यांना, नापास पोरांच्या बापांना, सगळ्यांना मी नाही म्हणताना आधी प्रस्तावना केली, मग दृष्टान्त दिला आणि बहुतेक वेळा शेवटी हो म्हणून बसलो. पुढं काहीतरी जोडायला तोंड उघडलं, पण जोडायला काही नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात रेणुका येऊन उभी राहिली. कोण बोललं ते पाहायला आली असावी.

जावई कूलरच्या बटणाकडं उठले. मी त्यांच्या आधी उठलो. गुडघे कटकन वाजले, त्यात कोणतंच वृत्त नव्हतं. बटणापुढं उभा राहिलो. खुंटीवरचा शिंदीच्या पानाचा हातपंखा काढून त्यांच्या हातात दिला.

"हा घ्या. नाही तर मी घालतो वारा."

"मला न्यायला बोलावलंत ते याच्यासाठी?"

"बोलावलं ते चुकलं माझं. माझी चूक मीच तपासतो. ती येणार नाही, शरदराव. तिला यायचं असेल तर ती स्वतः सांगेल."

ते आतल्या दाराकडं पाहून मोठ्यानं म्हणाले, "चारुशीला, येतेस का?"

प्रिंटर चालू होता. दोन पंख्यांचं सूं ऐकू येत होतं, सलग, एकसुरी. आतून तिचा आवाज आला, "त्रेपन्नावं पान चालू हाय. नाही येत."

हातपंखा खुर्चीत ठेवून ते गेले. सरबत तसंच राहिलं. नंतर ते बयनाबाई प्याली आणि बरं झालं म्हणाली. सरबत बरं झालं की काय बरं झालं, ते मी विचारलं नाही.

साडेपाचला शहाण्णवावं पान निघालं. चारू घामानं चिंब, केस कपाळाला चिकटलेले, गठ्ठा छातीशी धरून बाहेर आली आणि कूलरसमोरच्या खुर्चीत बसली.

"लावा आता, बाबा."

८ जून, सोमवार

पहाटेच्या बसनं चारू पानं घेऊन आदिलाबादला गेली. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. दिवसभर मी आतल्या खोलीत बसून धोतराची चाळणी तीनदा झटकली. कॉम्प्युटर बंदच होता.

संध्याकाळी परत आली. संस्थेच्या सेक्रेटरींनी सगळी पानं चाळली. एकच चूक सापडली. ती मी दुरुस्त केलेल्या शब्दात होती.

एक जुलैपासून नोकरीवर ये म्हणाले. वर्गात दहा कॉम्प्युटर आहेत. खोली पत्र्याची, पश्चिमेला खिडक्या.

मी सरसावून बसलो. "दहा? अन् पंखे कसे हायत त्यांचे? मागचा भायेर फेकणारा हाय का? मी येऊन एकदा—"

"बाबा," चारू म्हणाली, "तुमी येऊ नका."